आमचा पिता, आपला पिता

मराठी भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हणताना ज्याच्याशी बोलणे चालू आहे तो वगळला जातो; 'आपण' म्हणताना तो सामावून घेतला जातो. 'आमचे घर' आणि 'आपले घर' यांतील अंतर मराठी माणसाला व्याकरण न शिकताही कळते. ख्रिस्ती उपासनेतील सर्वांत परिचित प्रार्थना परमेश्वराला स्वर्गातील पिता म्हणून हाक मारते आणि ही हाक मारणारा एकटा नसतो. ती अनेकवचनी हाक आहे. मराठी प्रार्थनेत तेथे 'आमच्या' हा शब्द येतो आणि तो योग्यच आहे, कारण बोलणे खुद्द पित्याशीच चाललेले असते. परंतु प्रार्थना संपवून माणूस रस्त्यावर आला आणि शेजाऱ्याकडे वळला, म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. हा पिता 'आमचा' आहे की 'आपला' आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन म्हणजे या एका प्रश्नाचे, मोठी किंमत मोजून दिलेले उत्तर होय.

सर्व माणसे एकाच जगत्पित्याची लेकरे आहेत, हा विचार टिळकांच्या काळी महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. परमहंस सभेने १८४९ पासून जातिभेदाविरुद्ध गुप्तपणे का होईना, पण पाऊल टाकले होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकेश्वरी भक्तीबरोबर मानवबंधुत्वाचा उच्चार केला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापताना निर्मिक एक असल्यामुळे त्याच्या लेकरांत उच्चनीच असू शकत नाही, ही भूमिका घेतली. तेव्हा विचाराची उणीव नव्हती. उणीव होती ती त्या विचाराच्या व्यवहाराची. एकाच पित्याची मुले एका पंक्तीस बसतात, एका विहिरीचे पाणी पितात आणि एकाच घरच्या मिळकतीत वाटा मागू शकतात. या तिन्ही कसोट्यांना उतरण्याची तयारी फार थोड्यांची होती.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने कठोर, शीघ्रकोपी आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक. आई जानकीबाई मात्र हळव्या वृत्तीच्या, भक्तिमार्गी आणि कवितेची आवड असलेल्या होत्या. नारायणाच्या मनावरचा खोल संस्कार आईचाच. ती माउली मुलाच्या बालपणीच निवर्तली आणि घराशी असलेला त्याचा ओलाव्याचा धागा तुटला. वडिलांच्या धाकाखालून बाहेर पडून तो नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी संस्कृताचे अध्ययन घडले, काव्यशास्त्राची गोडी लागली आणि वक्तृत्वाला धार आली. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र पुरते झाले नाही.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई. संसार सुरू झाला, परंतु संसारी वृत्ती काही आली नाही. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, छापखान्यातील कामगार, संपादक अशी कामे करीत टिळक गावोगाव फिरत राहिले. हातात पैसा आला की तो पहिल्या गरजवंताच्या स्वाधीन होई. घरात काही न सांगता ते निघून जात आणि महिनोन्‌महिने त्यांचा पत्ता नसे. या भटकंतीत केवळ चंचलपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. देश परतंत्र आणि समाज शतखंडित आहे. या समाजाला एकत्र बांधणारे धर्मसूत्र कोणते, हा ध्यास त्यांना लागला होता. नागपुरास धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम करतानाही हा ध्यास सुटला नव्हता. जातींच्या उतरंडीत जखडलेल्या लोकांना राष्ट्र म्हणून उभे राहता येणार नाही, ही त्यांची खात्री ख्रिस्ताशी ओळख होण्यापूर्वीचीच होती.

ही ओळख झाली ती आगगाडीच्या डब्यात. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जात असता एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. कवितेवरून गोष्ट धर्मावर आली आणि उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना पुढेही कधी कळले नाही. पुस्तकाविषयी विशेष आदर नसतानाही दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी वाचन आरंभिले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले.

त्या तीन अध्यायांत काय आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तेथे येशू परमेश्वराचा उल्लेख राजा किंवा न्यायाधीश म्हणून क्वचितच करतो. तो त्याला पुन्हा पुन्हा पिता म्हणतो, आणि हा पिता आपल्या लेकरांत भेद करीत नाही. सूर्य उगवतो तो सज्जनांवर आणि दुर्जनांवर सारखाच; पाऊस पडतो तोही न्यायी आणि अन्यायी यांच्या शेतांवर सारखाच. आकाशातील पाखरांना जो चारतो आणि रानातील फुलांना जो नेसवतो, तो माणसाची काळजी वाहील, म्हणून उद्याची चिंता सोडावी. शत्रूवरही प्रेम करावे. का, तर पित्याचा तोच स्वभाव आहे आणि मुलाने पित्यावर जावे. म्हणजे येथे नीतीचा सगळा भार एका नात्यावर ठेवलेला आहे. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, त्या टिळकांना पाखरे आणि फुले यांच्या साक्षीने सांगितलेले हे पितृत्व जवळचे वाटले असल्यास नवल नाही. ज्या मुलाने घरी पित्याचा कठोरपणाच अधिक अनुभवला होता, त्याला येथे प्रथमच भीतीवाचून जवळ जाता येईल असा पिता भेटला.

विचार पटणे एक आणि त्यासाठी जात सोडणे दुसरे. सुमारे दोन वर्षे टिळकांचे मन दोलायमान होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी युरोपियन वा अमेरिकन पाद्र्याऐवजी हिंदी धर्मोपदेशकाच्या हस्ते व्हावा, ही त्यांचीच इच्छा होती आणि ती पुरी झाली. पुढील चोवीस वर्षांच्या जीवनाची दिशा या एका आग्रहात दिसते. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाच्या घरी दत्तक जाणे नव्हे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते.

परंतु या निर्णयाची झळ सर्वांत अधिक लागली ती लक्ष्मीबाईंना. पदरात लहान मूल, माथी समाजाची अवहेलना आणि जिवंतपणी पती दुरावलेला, अशा अवस्थेत त्यांनी पंढरपूर, नाशिक, जलालपूर येथे आप्तांच्या आधाराने दिवस काढले. टिळकांच्या चरित्रकाराला हा भाग झाकून पुढे जाता येणार नाही. सर्व मानवांच्या पित्याकडे धाव घेणारा हा पुरुष स्वतःच्या मुलाचा बाप म्हणून त्या काळात अनुपस्थित होता. त्यांनी पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, परत येण्याची विनवणी केली. पण जे घडले त्याची भरपाई कवितेने होत नसते. लक्ष्मीबाईंनी हे सर्व पुढे कडवटपणा न ठेवता, उलट विनोदाच्या अंगाने लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. त्यामुळे टिळकांची जबाबदारी कमी होत नाही.

चारपाच वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या. पण आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन आल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांचा वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी यांची त्यांनी आडकाठी न करता व्यवस्था ठेवली. एकाच कुटुंबात दोन चुली पेटत राहिल्या. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन झाले ते प्रवचनाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. जनावरांत देवाने जाती निर्मिल्या, परंतु माणसामाणसांतील स्पर्शास्पर्शाचा भेद देवाचा नसून माणसाने घातलेला आहे, अशा निष्कर्षाला त्या आल्या आणि मग क्षणाचाही विलंब न लावता सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. त्यांनी आधी भावंडे ओळखली आणि मग पिता ओळखला. धर्मशास्त्राच्या पुस्तकात क्रम उलटा असतो. जीवनात तो असाही असू शकतो.

अहमदनगर हे त्या काळी अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. १८३१ पासून तेथे मिशनचे कार्य चालू होते. शाळा, धर्मशिक्षणाची पाठशाळा, छपाई, 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये सुरू झालेले नियतकालिक असा मोठा व्याप होता. टिळक पाठशाळेत शिकवीत, उपदेश करीत, लिहीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग ते पाहू लागले. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथांची आणि निराश्रितांची संख्या फुगली होती. पेशव्यांच्या जातीत जन्मलेला हा संस्कृत पंडित त्यांच्यात राहिला, त्यांच्या मुलांना शिकवू लागला, साथीच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसला. जातीच्या आठवणी चर्चच्या उंबरठ्याबाहेर आपोआप गळून पडत नाहीत. त्या आतही येतात. पण टिळकांच्या घरच्या पंक्तीत त्यांना जागा नव्हती.

मात्र याच मिशनमध्ये टिळकांना दुसरा एक भेद जाणवू लागला. तो जातीचा नव्हता, चाकरीचा होता. पैसा अमेरिकेतून येई, निर्णय परदेशी मिशनरी घेत आणि हिंदी उपदेशक वेतनावर काम करीत. मिशनऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांशी टिळकांचा स्नेह होता. महाराष्ट्रातील संतांचे वाङ्मय इंग्रजीत आणणारे जस्टिन अ‍ॅबट हे त्यांच्या जवळच्या मंडळींपैकीच. प्रश्न व्यक्तींच्या सद्‌भावाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. कुटुंबात मुलाला वेतन मिळत नाही, वाटा मिळतो. तो गरजेप्रमाणे खातो, शक्तीप्रमाणे राबतो आणि घराच्या कारभारात त्याचा शब्द असतो. वेतन मिळते ते चाकराला. त्याचे काम ठरलेले, मोबदला ठरलेला आणि कारभाराशी संबंध नाही. एका पित्याची मुले म्हणवणारी दोन माणसे जर मालक आणि चाकर अशा नात्याने बांधलेली असतील, तर त्यांचे बंधुत्व उपासनेच्या तासापुरते राहते. परावलंबी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही आणि ज्या समाजातून ती आली त्याला ती परक्याची आश्रित वाटत राहते, हे त्या व्यवस्थेचे फळ होते.

टिळकांनी या परकेपणावर पहिला घाव घातला तो काव्याने. भाषांतरित स्तोत्रे आणि विलायती चाली यांवर पोसलेल्या उपासनेत देशी पदे आणि कीर्तन आणण्याचा प्रयत्न कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी त्यांच्या आधीच केला होता. टिळकांनी त्याला प्रतिभेचे बळ दिले. अभंग, ओवी, पदे, भजन, कीर्तन ही महाराष्ट्राच्या भक्तीची सारी साधने त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिली. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची भावना होती आणि ती ते उघडपणे सांगत. वारकऱ्याने विठ्ठलाला माउली म्हणावे, त्याच मोकळेपणाने त्यांनी ख्रिस्तालाही आईच्या नात्याने आळवले. स्वर्गीय पित्याच्या कल्पनेत दटावणारा पुरुषी करारीपणा जेथे शिल्लक होता, तेथे मराठी भक्तिपरंपरेने मायेचा ओलावा घातला. परंपरेने चालत आलेल्या ख्रिस्ती श्रद्धेला महाराष्ट्राने दिलेली ही देणगीच म्हटली पाहिजे. मराठी चर्चमधून टिळकांची पदे आजही गायिली जातात.

त्यांच्या घराचे दारही असेच उघडे होते. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा कवी, म्हणजेच बालकवी, टिळकांच्या घरी येऊन मुलासारखा राहिला. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट तेथे नव्हती. लक्ष्मीबाईंनी त्याची आईप्रमाणे काळजी घेतली. पोरके, निराधार, वाट चुकलेले असे किती जण त्या घरात जेवले याची गणती नाही. या औदार्याचा खर्च अर्थातच लक्ष्मीबाईंच्या डब्यांतून होत असे, आणि महिनाअखेर तो कसा भागवायचा ही विवंचनाही त्यांचीच असे.

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या आसपास, टिळकांनी तर्काचे शेवटचे टोक गाठले. मिशनच्या पगारी सेवेचा त्यांनी त्याग केला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुमंडळ उभारण्याचे ठरवले. या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, तशीच ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही होती. परदेशी पैसा नाही, पगार नाही, पंथाची कुंपणे नाहीत. दरबार हा शब्द राजसत्तेचा असला तरी कल्पना घराची होती. जे पित्याला ओळखतात ते भाऊबहीण. मग ते कोणत्या रजिस्टरात नोंदलेले आहेत हे गौण. ख्रिस्ती मंडळींतील अनेकांना हे धाडस धर्मशास्त्राच्या दृष्टीने धोक्याचे वाटले, आणि बाहेरच्यांना यात धर्मांतराचीच नवी युक्ती दिसली. दोन्ही बाजूंनी संशय पत्करून टिळक आपल्या जागी उभे राहिले. 'आमचा' पिता त्यांनी येथे 'आपला' केला.

काळाने मात्र त्यांना सवड दिली नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. येशूचे चरित्र मराठी महाकाव्यात गाण्याचा त्यांचा संकल्प, म्हणजे 'ख्रिस्तायन', थोडे अध्याय लिहून अपुरा राहिला होता. ज्या पत्नीला कधी काळी अक्षरओळखही जेमतेम होती, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग रचून ते कार्य पुढे नेले.

देवाचा दरबार संस्था म्हणून टिकला नाही. पुढे जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने टिळकांचे चरित्र लिहिले आणि हिंदी व युरोपियन सभासदांनी समान पायरीवर एकत्र राहावे या हेतूने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला; त्यात टिळकांच्या प्रेरणेचा अंश आहे. तरीही यशापयशाच्या नेहमीच्या मापाने पाहिले, तर टिळकांच्या या शेवटच्या प्रयोगाच्या जमाखात्यात फारसे काही दिसणार नाही. हा प्रयोग एका माणसाच्या तेजावर उभा होता. पगार नाकारणे संन्याशाला शक्य असते, कुटुंबवत्सल उपदेशकाला नसते, हा व्यावहारिक आक्षेपही खोटा नाही. स्वतः टिळकांना तरी ते शक्य झाले ते लक्ष्मीबाईंनी घर सावरून धरले म्हणून. समाईक पित्याच्या शोधाचा हिशेब मांडताना खर्चाच्या बाजूस त्यांचे नाव पहिले लिहावे लागेल.

परंतु टिळकांनी विचारलेला प्रश्न या अपयशाने निकालात निघत नाही. परमेश्वर सर्वांचा पिता आहे, हे वाक्य उच्चारायला कष्ट पडत नाहीत. जवळजवळ प्रत्येक धर्माचे उपदेशक ते कोणत्या ना कोणत्या शब्दांत उच्चारतात. टिळकांनी त्याचा अर्थ देण्याघेण्याच्या भाषेत लावला. पिता एक असेल तर पाणी एक असले पाहिजे, पंगत एक असली पाहिजे, आणि शेवटी कारभारातला वाटाही समान असला पाहिजे. पहिल्या गोष्टीसाठी त्यांनी जात दिली, दुसरीसाठी घरादाराचे स्वास्थ्य दिले आणि तिसरीसाठी उपजीविका दिली. त्यांच्या निधनाला शंभरावर वर्षे लोटली. आजही चर्चमध्ये, देवळात किंवा कोणत्याही प्रार्थनास्थळी एकाच पित्याचे नाव घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाने आपल्या घरचे पाणी, आपली पंगत आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा वाटा या तीन ठिकाणी क्षणभर थांबून पाहावे. आपण 'आमच्या' पित्याला हाक मारली की 'आपल्या', याचे उत्तर तेथेच मिळते.